'इतो' म्हणजे धागा: मियुकी नाकाजिमाची गाणी (आणि लग्नघरासाठी एक तातडीची मदत)

वेलदोडा

मंडळी, हा धागा एका धाग्याबद्दलच आहे. कोटी आधीच करून टाकते, म्हणजे प्रतिसादात कोणी करायला नको.

माझ्या मामेभावाचं लग्न ठरलंय. मुलगी जपानची, गिफूची. लग्न सांगलीला, आपल्या पद्धतीने; संध्याकाळी छोटा कार्यक्रम आहे, त्यात मुलीची आत्या 'इतो' हे गाणं म्हणणार आहे. मी नागोयात दुभाष्याचं काम करते, त्यामुळे मामीचा फोन मलाच आला. "अगं, ती बाई काय म्हणती ते आमच्या पाव्हण्यांना कळाय नको? दोन ओळी मराठीत करून दे, मी वाचून दाखवीन." मी म्हटलं, हात्तिच्या, लहानसं तर गाणं आहे, चहा होईपर्यंत करते. याला आता तीन आठवडे झाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मियुकी नाकाजिमा ही जपानी गायिका, १९५२ साली साप्पोरोला जन्मली. वडील प्रसूतितज्ज्ञ. स्वतः लिहिते, स्वतः चाल बांधते, स्वतः गाते. पहिली तबकडी १९७५ ची. 'इतो' १९९२ चं, 'ईस्ट एशिया' या अल्बममधलं. तेनरिक्यो पंथाच्या गादीवर पुढे जे बसले, त्यांच्या लग्नानिमित्त तिने ते लिहिलं होतं. तेव्हा त्याचा फार गाजावाजा झाला नाही. १९९८ मध्ये एका मालिकेमुळे ते सिंगल म्हणून आलं, २००४ मध्ये बँक बँडने गायलं, आणि मग ते पसरलंच. आता इथल्या लग्नांत ते इतकं वाजतं की माझ्या ऑफिसातला एक जण म्हणतो, केक नसला तरी चालेल, 'इतो' पाहिजे.

गाण्यात उभा धागा तू आणि आडवा धागा मी. विणून जे कापड होईल ते कधीतरी कुणाला ऊब देईल, कुणाची जखम झाकेल. बस, एवढंच. पण अडचणी तीन आहेत.

१. जपानी 'आनाता'ला मराठीत 'तू' म्हणू की 'तुम्ही'? बायको नवऱ्याला म्हणते तेच 'आनाता', आणि अनोळखी माणसाला फॉर्म भरायला सांगतात तेही 'आनाता'. मूळ गाण्यात बाई गातेय की पुरुष, हेसुद्धा कळत नाही. मराठीत 'मी आलो'-'मी आले' केल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही.

२. स्वप्नामागे धावताना पडलो, त्या दिवसांच्या खुणा म्हणून 'सासाकुरे' असा शब्द येतो. नखाशेजारची कातडी सोलवटते, लाकडाचं कुसळ निघतं, ते सासाकुरे. धाग्याच्या बाबतीत याला काय म्हणायचं?

३. शेवटच्या ओळीतला शब्द 'शिआवासे'. ऐकताना वाटतं 'सुख'. पण तिने तो नेहमीच्या सुखाच्या अक्षराने लिहिलेलाच नाही. 仕合わせ असा लिहिलाय: जुळून येणं, गोष्टी एकमेकींना सामोऱ्या येणं. जुन्या जपानीत हे बरं-वाईट दोन्ही असायचं. लग्नात गाणाऱ्या निम्म्या लोकांच्या हे लक्षातही नसतं, कारण कानाला दोन्ही सारखंच.

सुचवा काहीतरी. आणि तिच्या बाकीच्या गाण्यांवर बोलायचं असेल तर जरूर बोला, मला तेवढंच निमित्त हवंय.

ताकपिठं

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

ओली_चिंच

गदिमांनी 'एक धागा सुखाचा' लिहून ठेवलंय की आधीच! बाबूजींच्या आवाजात तेच लावा, आत्याबाईंना जपानीत भाषांतर करून द्या. काम उलटं झालं तरी काम झालं.

वेलदोडा

@ओली_चिंच, पहिल्या दोन प्रतिसादांत हे येणार अशी मी स्वतःशीच पैज लावली होती. जिंकले. पण गंमत बघा, १९६० च्या 'जगाच्या पाठीवर'मधल्या त्या गाण्यात सुखाचा एक आणि दुःखाचे शंभर, असा हिशोब आहे, आणि माणूस वस्त्र नेसतो. इथे माणूसच धागा आहे. विणणारा कोण, ते ती सांगतच नाही. शिवाय त्या गाण्यात पुढे म्हातारपणाची जीर्ण शाल येते. लग्नात लावलं तर मामी मला जेवायला बसू देणार नाही.

निशीकासाईकर

टोकियोत बारा वर्षं काढली. कंपनीच्या कराओकेत मला पहिल्यांदा हे नाव कळलं, पण 'इतो'मुळे नाही. आमचे विभागप्रमुख, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, एरवी 'हो-नाही' याच्यापुढे न बोलणारे, त्यांनी माईक घेऊन 'चिजो नो होशी' म्हटलं, म्हणजे 'जमिनीवरचे तारे'. खोलीतले सगळे पन्नाशीवाले हळूहळू उभे राहिले. मला वाटलं राष्ट्रगीत वगैरे आहे की काय, मीही उठलो.

नंतर कळलं की एनएचके या जपानी वाहिनीवर २००० ते २००५ 'प्रोजेक्ट एक्स' नावाचा कार्यक्रम होता, त्याचं हे शीर्षकगीत. धरणं, बोगदे, यंत्रं ज्यांनी उभी केली पण ज्यांची नावं कुठे नाहीत, अशा माणसांवरचा कार्यक्रम. गाण्यात ती उंच उडणाऱ्या पाकोळीला विचारते, तुला वरून दिसतंय तर सांग, जमिनीवरचे तारे आता कुठे आहेत. सगळे आभाळाकडे बघतात, खाली कोणी बघत नाही.

हे सिंगल जुलै २००० मध्ये आलं. ३१ डिसेंबर २००२ ला एनएचकेच्या वर्षअखेरच्या 'कोहाकू' या गाण्यांच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा गायली, तेही स्टुडिओत नाही, कुरोबेच्या वीजप्रकल्पाच्या बोगद्यातून. गाताना दुसऱ्या कडव्यात शब्द चुकली! थेट प्रक्षेपण, अख्खा देश बघतोय. आणि जानेवारी २००३ मध्ये, यादीत शिरल्यापासून १३० व्या आठवड्यात, गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं.

कुरोबे धरणाच्या कामात १७१ माणसं गेली. तिथे गेलो होतो एकदा. १८६ मीटर उंच भिंत, पर्यटक पाण्याचा फवारा बघायला गर्दी करतात. मृतांच्या नावांची पाटी आहे, तिथे मी होतो तेवढा वेळ एक म्हातारं जोडपं सोडून कोणी थांबलं नाही.

पोफळीचा_पोर

@निशीकासाईकर, माझे वडील कोयनेच्या भूमिगत वीजघरात होते. आयुष्यभर डोंगराच्या पोटात नोकरी. यापुढे मला काही लिहिता येत नाहीये. गाणं शोधतो.

चहाटळ

मी वेलदोडाताईंच्या सांगण्यावरून तीन गाणी ऐकली. स्पष्ट सांगू का? रडकी आहेत हो. एकात बाई रस्त्यात पडलीय, एकात सोडून गेलेल्याची वाट बघतेय. आपल्याकडे अशी गाणी दुपारी दोनला रेडिओवर लागायची आणि आजी डाळ निवडता निवडता झोपायची.

वेलदोडा

@चहाटळ, तुमचं चूक नाही. सत्तरच्या दशकातल्या जपान्यांचंही हेच म्हणणं होतं. पण रस्त्यात पडलेली बाई म्हणता ते 'वाकारेऊता', १९७७, तिचं पहिलं अव्वल क्रमांकाचं गाणं. त्याची सुरुवातच प्रश्नाने होते: रस्त्यावर कोसळून कुणाचं तरी नाव घेत राहिलाय का कधी? नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट हे. आणि असं गाणं लोकांनी विकत घेऊन पहिल्या क्रमांकावर नेलं!

'आकुजो' (१९८१) ऐका मग. अर्थ 'वाईट बाई'. नवरा म्हणा, प्रियकर म्हणा, त्याचं दुसरीकडे सूत जुळलंय आणि तो लपवतोय. ही काय करते, तर आपणच दुसऱ्या पुरुषाबरोबर फिरतोय असं नाटक करते. मारिको नावाच्या मैत्रिणीकडे फोन करून वेळ काढते, पण मारिकोलाही तिच्या कामांतून फुरसत नाही. पहाटेच्या पहिल्या गाडीने घरी येते, अंगावर बायका लावत नाहीत असलं अत्तर लावून. का? तर त्याने कंटाळून हिला सोडावं आणि त्या मुलीकडे जावं, म्हणून. चाल कशी आहे? उड्या मारत जाणारी. शब्द न कळता ऐकलंत तर वाटेल सहलीला निघालीय. याला रडकं नाही म्हणता यायचं. ही बाई रडणं किती कौशल्याने लपवते, ते त्या चालीत आहे.

आणि अवांतर: हीच बाई १९७९ ते १९८७ सोमवारी मध्यरात्रीनंतर एक ते तीन रेडिओवर 'ऑल नाइट निप्पोन' कार्यक्रम करायची आणि तिथे खदाखदा हसायची. गाणी ऐकून रेडिओ लावणाऱ्यांना वाटायचं स्टेशन चुकलं.

ताकपिठं

आलो. मी हिला तिच्या गाण्यांतून नाही, दुसऱ्यांच्या तोंडून ओळखतो. 'सोराफुने' तिनेच टोकियो नावाच्या पोरांच्या बँडला लिहून दिलं, २००६. तुझं वल्हं दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस, असा सगळा आवेश. मला वाटलेलं कोणी पंचविशीचा पोरगा असेल लिहिणारा. बाई तेव्हा चौपन्न वर्षांच्या!

हनोई_डायरी

याला जोडूनच. इथे व्हिएतनाममध्ये लग्नात, चहाच्या टपरीवर, लिफ्टमध्ये एक चाल सारखी कानावर पडते. शेजारच्या काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या आमचंच जुनं गाणं. एका चिनी सहकाऱ्याला ऐकवलं, तो म्हणाला छे, हे तर फेय वाँग या गायिकेचं, १९९२ चं. आणि मूळ निघालं नाकाजिमाचं 'रूज', १९७७ साली नाओमी चिआकीसाठी लिहिलेलं! दारूच्या गुत्त्यात गिऱ्हाइकांशी गोड बोलायला शिकलेली एक बाई आपली जुनी फिकट, चेरीच्या फुलाच्या रंगाची लिपस्टिक आठवते, असं काहीसं आहे ना ते? इथे त्याचं हिवाळ्यातलं प्रेमगीत झालंय. काकूंना सांगितलं तर त्यांनी मला चहा दिला आणि विषय बदलला.

वेलदोडा

@हनोई_डायरी, हो, तेच. काकूंचं बरोबर आहे, चाल एकदा घरात रांधली की घरचीच.

फणसपोळी

'फाइतो!' बद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? जपानी शिकताना आमच्या सरांनी वर्गात लावलं होतं. पुण्यात, बाहेर धो धो पाऊस, वर्गात सात जणी. 'फाइट', म्हणजे 'लढ', इतकंच कळलं. सर म्हणाले, आता शब्द वाचा.

सुरुवातीला एका मुलीचं पत्र आहे. फक्त नववीपर्यंत शिकलेय, म्हणून काम मिळत नाही, असं ती तिच्या कान्साईकडच्या बोलीत लिहिते. आणि पुढे गाणारी म्हणते, त्या पत्रातली अक्षरं टोकदार आहेत आणि थरथरताहेत. पत्र वाचणारा माणूस मजकुराआधी अक्षर बघतो ना, तसं. मग एका कडव्यात, स्टेशनच्या जिन्यावर एका बाईने लहान मुलाला ढकललं आणि हसली, हे पाहणारी मुलगी ओरडत नाही, पळून जाते. घाबरून. आणि म्हणते, माझा शत्रू मीच. मग पश्चिमेकडच्या बोलीत गाव सोडून जाणारं कुणीतरी: गेलीस तर तुझ्या माणसांनाही इथे राहू देणार नाही अशी धमकी, आणि टोकियोचं तिकीट, अक्षरं ओलाव्याने पसरलेली. ते तिकीट ती स्वतःजवळ ठेवू शकत नाही, दुसऱ्याकडे पाठवते, तू ठेव म्हणून.

मी लातूर जिल्ह्यातून पुण्याला आले तेव्हा माझी प्रवेशाची पावती घरी ठेवली नव्हती. मैत्रिणीकडे ठेवली होती, तिच्या भूगोलाच्या वहीत. वर्गात त्या कडव्यापाशी मी पेन खाली ठेवलं. सरांनी काही विचारलं नाही.

चहाटळ

@फणसपोळी, शब्द मागे घेतो. 'रडकी' वाला.

उनाड_पतंग

एक शंका. 'फाइतो!' १९९४ चं ना? एका मालिकेच्या गाण्याबरोबर आलेलं?

वेलदोडा

१९८३ चं, 'योकान' अल्बममधलं. १९९४ ला 'सोरा तो किमी नो आइदा नि'बरोबर पुन्हा काढलं आणि ते दोघांचं सिंगल दहा लाखांच्या वर गेलं. ते पहिलं गाणं 'घर नसलेलं मूल' अशा नावाच्या मालिकेचं होतं. गाण्यातला 'मी' कोण, सांगा बघू? तू हसणार असशील तर मी वाईटसुद्धा होईन म्हणणारा? मालिकेतल्या मुलीचा कुत्रा! हे कळल्यावर परत ऐका, आभाळ आणि तू यांच्या मधे आजही गार पाऊस पडतोय, हे कोणाच्या उंचीवरून दिसतंय ते लक्षात येतं.

सत्तर, ऐंशी, नव्वद आणि दोन हजार, चारही दशकांत तिचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलंय. पण मी कोणाला एकच गाणं देणार असेन तर 'जिदाई', १९७५ चं. आज रडून डोळे कोरडे झालेत, पण हेही आठवून हसायचा दिवस येईल, असं. तेवीस वर्षांच्या मुलीने लिहिलेलं. त्याच सप्टेंबरमध्ये तिचे वडील कोसळले होते, जानेवारीत गेले. मधल्या काळात तिने हे गाऊन टोकियोच्या बुदोकान सभागृहातली जागतिक गीतस्पर्धा जिंकली.

असो. माझ्या तीन अडचणींचं काय झालं? लग्न नऊ दिवसांवर आलंय.

ओली_चिंच

सासाकुरेला 'दशा'! कापडाच्या दशा निघतात की. पडलो-धडपडलो त्या दिवसांच्या दशा. शिवाय दुसरा अर्थ फुकट.

वेलदोडा

अहाहा! लगेच मामीला वाचून दाखवलं. मामी म्हणाली, "लग्नात दशा? शनीची का मंगळाची? काढ ती पहिली." गेलं.

शेवटच्या शब्दाला मी 'योग' धरलाय. आणि भेटण्याला 'गाठ पडणे'. ज्याची गाठ पडायची त्याची पडली, याला माणसं योग म्हणतात, असं काहीतरी. धाग्याचं गाणं, त्यात गाठ, लग्नगाठही आली. मी स्वतःवरच खूश आहे.

इचलकरंजीकर

नमस्कार. मी इथे फक्त वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. आमचे तीन पिढ्या यंत्रमाग. गाण्यातलं मला कळत नाही, पण गाठ तेवढी काढा.

उभा धागा म्हणजे ताणा. तो आधी बीमवर घेतात, सायझिंगला जातो, खळ लागते, मग वहिफणी. हजारो धागे, एकेक करून वहीतून (म्हणजे धागे वर-खाली करणारी चौकट) आणि फणीतून ओवायचे. दोघं समोरासमोर बसतात, एक पलीकडून धागा देतो, दुसरा हुकाने ओढून घेतो. दिवस दिवस हेच. आणि माग सुरू झाला की सगळा मार ताण्याला. नावातच ताण आहे. वही वर-खाली ओढते, फणी दर ठोक्याला घासते. आडवा, म्हणजे बाणा, तो कांडीतून निवांत सुटत येतो, धोट्यात बसून इकडून तिकडे. तेव्हा गाण्यातली बाई 'ताणा तू आणि बाणा मी' म्हणते, यात जास्त सोसायचं कोणाला लावलंय हे मुलाला आधी सांगून ठेवा.

आता गाठ. ताणा तुटला की गाठ मारावी लागते, बारीक मारायची, दिसू नये अशी. मोठी झाली की फणीत अडकते आणि पुन्हा तुटतो. कापड तपासणारा बोट फिरवतो आणि गाठ लागली की खूण करतो, दोष म्हणून. पैसे कापतात.

पण मुख्य मुद्दा वेगळा आहे. ताणा आणि बाणा यांची एकमेकांशी कधीच गाठ नसते. एक वरून जातो, एक खालून, पुढच्या वेळी उलट. कोणी कोणाला बांधलेलं नाही. नुसते एकमेकांना दाबून धरतात, म्हणून कापड टिकतं.

ताकपिठं

उभा राहून टाळ्या. दादा, लिहीत जा हो.

फणसपोळी

तीन पिढ्यांनी एका परिच्छेदात भाषांतराचा प्रश्न सोडवला.

वेलदोडा

@इचलकरंजीकर दादा, मी तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला. मग गाण्याचे शब्द परत काढून बसले. त्यातही कुठे बांधणं नाही, गाठ नाही. धागे कुठून आले, कशाला आले, काहीच माहीत नव्हतं, आणि भेटले, एवढंच. गाठ माझ्या मनातली होती. काढली.

निशीकासाईकर

लग्न होऊन गेलं असेल ना? वृत्तांत हवा.

वेलदोडा

उशिराबद्दल क्षमस्व, सुट्टी संपवून कालच नागोयाला पोचले.

आत्याबाई साठीच्या. जांभळा किमोनो, हातात शब्दांचा कागद, जो त्यांनी एकदाही पाहिला नाही. साउंडवाल्याने करावकेची फाइल लावायच्या ऐवजी सनईची लावली, मग बंदच पडलं, शेवटी त्या नुसत्याच गायल्या. मामीने आधी वाचून दाखवलं होतं. 'तू' ठेवलं. नवऱ्याला 'तू' म्हणती व्हय, असं मागच्या रांगेतून आलं, त्यावर मामी माईकवरूनच म्हणाली, "म्हणंना का, धागाच हाय त्यो." सासाकुरेला शेवटी नुसतं 'खरचटलेलं' केलं. आणि 'योग' राहिला. तो शब्द वाचताना मामी जरा थांबली. ते मी लिहून दिलेलं नव्हतं.

@इचलकरंजीकर दादा, हे तुमच्यासाठी. दुसऱ्या दिवशी मामीने आत्याबाईंना इरकल दिलं, टोपपदराचं. त्यांनी घडी मोडली, सुलट बाजू बघितलीच नाही, थेट उलटी केली. अंगाचे धागे संपून तांबड्या पदराचे सुरू होतात ती जागा शोधली आणि अंगठा त्या रेषेवरून या काठापासून त्या काठापर्यंत नेला. मग मला विचारलं, हे कसं जोडलंय? मी म्हटलं, अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा फासात फास अडकवून जोडतात. गाठ आहे का, म्हणाल्या. मला सांगता येईना. दादा, आहे का?

इचलकरंजीकर

आमचं काम साधं मलमलीचं, इरकलचं नाही. पण इलकलला एक पाहुणे आहेत. विचारून सांगतो.